प्लाकमध्ये पेशी मरणं चांगलं की वाईट?

छेदवाचक: धमनीतल्या प्लाकमध्ये (भिंतीत साचलेल्या मेदाच्या थरात) मॅक्रोफेज (भक्षक पेशी) अपॉप्टोसिसने (पेशीच्या नियोजित मृत्यूने) मरतात म्हणून प्लाक लहान राहतो, असं एकीकडे वाचलं, दुसरीकडे तेच प्लाक फुटण्याचं कारण दिलंय. दोन्ही कसं खरं? उंदराच्या महाधमनीच्या मुळाचे छेद ट्यूनेलने (तुटका डीएनए उजळवणाऱ्या चाचणीने) रंगवतोय. नुसत्या पॉझिटिव्ह पेशी मोजून चालेल का?

पेशीवेध: दोन्ही खरं. मेलेली पेशी वेळेत उचलली जाते का, यावर सगळं ठरतं. कॅस्पेज-३ हे अपॉप्टोसिस घडवणारं विकर सुरू झालं की फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेदद्रव्य, ‘मला गिळा’ या खुणेसारखं, पेशीपटलाच्या बाहेरच्या थरात येतं. शेजारचा मॅक्रोफेज मर-टीके या ग्राहीच्या मदतीने ती पेशी गिळतो आणि आयएल-१० हे संदेशक प्रथिन सोडून दाह शमवतो. कोवळ्या प्लाकमध्ये हे सुरळीत चालतं.

जुन्या प्लाकमध्ये मात्र एडॅम-१७ हे विकर मर-टीके कापून टाकतं, शिवाय मरत्या पेशींवर ‘गिळू नका’ सांगणारं सीडी४७ टिकून राहतं. न उचललेली पेशी मग फुटते. तिच्यातलं कोलेस्टेरॉल आणि रक्त गोठवणारं टिश्यू फॅक्टर बाहेर सांडतं, नेक्रोटिक गाभा (प्लाकच्या आतला मेलेल्या पेशींचा भाग) वाढतो.

भित्तिका: कोणती पेशी मरते हेही बघा. वरच्या तंतुमय टोपीतलं कोलॅजेन गुळगुळीत स्नायूपेशी बनवतात. त्या मेल्या की झीज भरून निघत नाही. माणसात टोपी ६५ मायक्रोमीटरहून पातळ झाली की फुटण्याचा धोका मोठा. उंदरात प्लाक सहसा फुटत नाही, म्हणून तुमच्या छेदांवरून ‘फुटेल’ असं लिहू नका.

रंजक_द्रव्य: नुसतं ट्यूनेल पुरणार नाही, नेक्रोसिसमधला (पेशी फुटून मरण्यातला) तुटका डीएनएही त्यात उजळतो. प्रथिनं पचवणारं प्रोटिनेज-के जास्त वेळ ठेवलं तरी खोटे पॉझिटिव्ह येतात. एक छेद डीएनए तोडणारं डीएनेज देऊन (सगळं उजळायला हवं), एक ट्यूनेलची खूण जोडणाऱ्या टीडीटी विकराशिवाय (काहीच उजळू नये) ठेवाच. सोबत कापलेलं (म्हणजे सक्रिय) कॅस्पेज-३ आणि मॅक्रोफेजची खूण असलेलं सीडी६८ रंगवा, पण प्लाकमधल्या काही स्नायूपेशीही सीडी६८ दाखवतात हे ध्यानात असू द्या. खरी मोजणी पुढची: मॅक्रोफेजला चिकटलेल्या किंवा त्याच्या आत असलेल्या ट्यूनेल-पॉझिटिव्ह पेशी किती, सुट्या किती. सुट्यांचं प्रमाण वाढलं म्हणजे उचल बिघडली. गाभा एच-अँड-ई (नेहमीच्या रंगाच्या) छेदात पेशीविरहित भाग म्हणून मोजा, टोपीसाठी कोलॅजेन रंगवणारं पिक्रोसिरियस रेड.

छेदवाचक: मग कॅस्पेजच रोखले तर?

पेशीवेध: कॅस्पेज-८ बंद पडलं की पेशी आरआयपीके३ आणि एमएलकेएल या प्रथिनांच्या वाटेने नेक्रोप्टोसिसला (नियोजित पण फुटून होणाऱ्या मृत्यूला) जाऊ शकते. त्यात पेशीपटल फाटतं, दाह उलट वाढतो. उचल सुधारण्यावर भर द्यावा, हे माझं मत. उंदरांत सीडी४७ रोखणाऱ्या प्रतिपिंडाने प्लाक कमी झाला, पण जुन्या तांबड्या पेशीही गिळल्या जाऊन पंडुरोग झाला. त्यामुळे औषध प्लाकपुरतंच कसं पोचवायचं, ही खरी अडचण आहे.