विषय: भाचीने इतिहास घेऊन इकडे अमेरिकेत पीएच.डी.ला यावं का?

मंडळी, नमस्कार.

माझी भाची सोलापुरात असते. इतिहासात एम.ए., यंदा सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) झाली. तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, दोन कॉलेजांत शिकवते: सकाळी गावातच सात रस्ता चौकाजवळ, दुपारी एसटीने मोहोळला. दिवाळी होऊन गेली तरी मागच्या सत्राचं मानधन नाही. परवा फोनवर म्हणाली, "मामा, तिकडं प्राध्यापकांना लय पगार असतो म्हणे. मी येऊ का?" इथे शिकवणाऱ्यांनी खरं काय ते सांगावं.

भाचीचा मामा, न्यू जर्सी

---

दादा,

मीही सोलापूरचीच. इथल्या एका सरकारी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते.

आपल्याकडे वेतनश्रेणी विषय विचारत नाही. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. इतिहास असो की भौतिकशास्त्र. इथे अशी श्रेणीच नाही. फायनान्स, कॉम्प्युटर सायन्सच्या माणसाला कंपन्या बोलावत असतात, म्हणून विद्यापीठही जास्त मोजतं. इतिहासाला तसं गिऱ्हाईक नाही. बऱ्याच राज्यांत सरकारी विद्यापीठांचे पगार जाहीर असतात. मी रुजू झाले त्या वर्षी यादी उघडली, तर बिझनेस स्कूलमध्ये माझ्याबरोबर लागलेल्या मुलाचा आकडा पंचवीस वर्षं इतिहास शिकवणाऱ्या बाईंपेक्षा मोठा. त्या दुपारी मला डबा गेला नाही.

शिवाय पगार बहुधा नऊ महिन्यांचा. विज्ञान-इंजिनिअरिंगवाले उन्हाळ्यात संशोधनाच्या अनुदानातून साधारण दोन महिन्यांचा आणखी काढतात. इतिहासात तशी अनुदानं फार थोडी. आणि कायम जागाच मोजक्या. बाकीच्यांना एका कोर्समागे ठरावीक रक्कम, विमा बहुधा नाही. म्हणजे तासिकाच, फक्त डॉलरमध्ये, आणि त्यावर व्हिसा मिळणं अवघड. तिला सांगा, फी माफ आणि वर विद्यावेतन असेल तरच या. खिशातून एक पैसा घालू नका.

---

नमस्कार. मुलामुळे मी या गटात आहे. सोलापुरात पस्तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालो.

ताईंचं बरोबर आहे, पण श्रेणी एक म्हणून नोकरी एक, असं इथं सोलापुरातही नाही. जागा कार्यभारावर ठरते. आठवड्याला सोळा तास भरले तर एक जागा. बी.ए.ला मुलं घटली की इतिहासाचे तास घटतात आणि जागा जाते. कॉम्प्युटरचे वर्ग गच्च भरतात, पण ते बहुतेक विनाअनुदानित. तिथं संस्था देईल तो पगार. माझी जागा अजून रिकामी आहे. माझे तास तीन पोरं वाटून घेतात, त्यातल्या एकीनं परवा पीएच.डी.चा व्हायवा दिला. फार वाईट वाटतं.

भाचीला माझ्याकडे पाठवा. अनुदानित जागेची जाहिरात कशी वाचायची, बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणानुसार जागा ठरवणाऱ्या तक्त्यात, आपला विषय कुठं बसतो, हे मी समजावून सांगतो. दोन्हीकडचे अर्ज एकदमच भरू. रविवारी सकाळी मी घरीच असतो.