स्नायूक्षयाच्या अभ्यासासाठी डुक्करच का?

प्रश्न: ड्यूशेन स्नायूक्षय या स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजारासाठी एमडीएक्स उंदीर (हाच जनुकदोष असलेला प्रयोगशाळेतील उंदीर) १९८४ पासून उपलब्ध असताना संशोधकांनी डुकरांकडे का वळावे?

प्रतिसाद १: त्या उंदरात डिस्ट्रोफिन हे स्नायूंना आधार देणारे प्रथिन नसूनही तो बराच काळ हिंडत-फिरत राहतो, या आजाराची मुले मात्र साधारण बाराव्या वर्षापर्यंत चालण्याची क्षमता गमावतात. शिवाय डुकराचे हृदय आकाराने व रचनेने मानवी हृदयाच्या बरेच जवळचे असते, आणि या रुग्णांचा मृत्यू बहुधा हृदय किंवा श्वसन निकामी झाल्यानेच होतो.

प्रतिसाद २: म्युनिकच्या संशोधकांनी डिस्ट्रोफिन जनुकातील ५२वा एक्झॉन (प्रथिनाची माहिती असलेला जनुकाचा तुकडा) वगळून जन्माला घातलेल्या डुकरांविषयी २०१३ मध्ये लिहिले. २०२० मध्ये अशाच डुकरांत क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने ५१वा एक्झॉनही काढला, तेव्हा जनुकाची वाचनचौकट (पेशी तीन-तीन अक्षरांच्या गटांनी जनुक वाचते ती मांडणी) पुन्हा जुळून आखूड, पण उपयोगी डिस्ट्रोफिन तयार झाले. उंदरापेक्षा कितीतरी मोठ्या शरीरात हा उपचार सगळीकडे पोहोचतो का, हे त्यातून तपासता आले. माझ्या मते खरी कमाई हीच.

प्रश्नकर्ता: मग अडचण कोणती?

प्रतिसाद २: अशी आजारी पिल्ले साधारण तीन महिन्यांपलीकडे, म्हणजे प्रजननाच्या वयापर्यंत, जगत नसल्यामुळे प्रजननासाठी वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्या) माद्यांवर अवलंबून राहावे लागते. खर्च तर वेगळाच.