पुण्यात चालू यू-मॅटिक प्लेअर कुणाकडे आहे का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. माझे काका नव्वदच्या दशकात पुण्यातल्या एका केबल वाहिनीसाठी बातम्यांचं एडिटिंग करायचे. त्यांच्याकडे पाऊण इंची यू-मॅटिक (जुन्या प्रकारच्या व्हिडिओ) कॅसेट आहेत. एकीवर 'विसर्जन, अलका चौक' लिहिलंय. हे चित्रण वाया जाता कामा नये! काही टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरलीये, त्यामुळे साफ केल्याशिवाय मशीनमध्ये घालता येत नाहीत, हेड (टेप वाचणारा भाग) खराब होतं. व्हीएचएसवाले बरेच भेटले, पण ती टेप अर्ध्या इंचाची, इथे उपयोग नाही. खात्रीचा माणूस सुचवा.

शिवाय १९७२ला सुरू झालेलं मुंबई दूरदर्शन पुण्यात सिंहगडावरच्या टॉवरवरून दिसायचं. तिथे ड्यूटी केलेलं कुणी ओळखीत असेल तर काकांना त्यांना भेटायचंय.