जर्मनीत गेल्यावर पहिले सहा महिने मराठी ग्रुपपासून लांब राहावं का?

मांजराकाठ
लातूर, नांदेड, संभाजीनगरातून लेकरं मास्टर्सला जर्मनीला जाऊलालेत. विमानात बसायच्या आधीच ती तिथल्या शहराच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपात असतात. माझं मत सरळ आहे. तो ग्रुप सहा महिने म्यूट ठेवा आणि चार गाववाल्यांनी मिळून एक फ्लॅट घेऊ नका. घरात मराठी, वर्गात इंग्रजी आणि दुकानात बोट दाखवून भागतं. मग जर्मन ए-टू या सुरुवातीच्या पातळीवरच अडकते आणि डिग्री हातात आली तरी नोकरीच्या जाहिरातीत बी-टू, म्हणजे त्याहून दोन पायऱ्या वरचं, मागितलेलं असतं.

राहायचं तर 'वेगे'त राहा. म्हणजे खोली आपली आणि किचन अनोळखी लोकांसोबत. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ साली तासांचा हिशोब मांडला होता: ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, मैत्री म्हणण्यासारखी व्हायला ९०, जिवलग व्हायला २०० च्या वर. आठवड्याला दोन तासांच्या क्लबात ५० तास भरायला २५ आठवडे जातात. सामायिक किचनमध्ये रोज पाऊण-एक तास गेला तरी दोन महिन्यांत भरतात.

बिंदुसरा
भाऊ, हिशोब बरोबर आहे, पण वेगेत खोली मिळणार कशी ते कुठंय? एका खोलीला ढीगभर अर्ज येतात. मग तिथली मंडळी मुलाखतीसारखं बोलावून बघतात की हा माणूस आपल्यात बसतो का. परभणीतून व्हिडिओ कॉलवर, ए-वनच्या जर्मनवर, कितीजण निवडले जातील? पहिलं छप्पर बहुतेक आपल्याच माणसाकडून मिळतं.

त्यात घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे अनमेल्डुंग करावी लागते. तिला घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. महिना-दोन महिन्यांसाठी खोली देणारे बरेचजण तो देत नाहीत. नोंदणी नाही तर करक्रमांकाचं पत्र नाही, आणि पुढचं सगळं लटकतं. इथंच 'पैसे द्या, नुसता पत्ता घ्या' म्हणणारे भेटतात. जिथं राहत नाही तिथला पत्ता नोंदणीला पुरवणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि तो वापरणाराही अडकतो. हे नव्या पोराला कोण सांगणार? ग्रुपातला जुना माणूसच ना.

आणखी एक. टपालपेटीवर आणि बेलवर आपलं नाव चिकटवा. चौघं राहतात, पेटीवर नाव एकाचंच, म्हणून बाकी तिघांची बँकेची पत्रं अन् विम्याची कार्डं परत जातात. नाव लावायचं राहूनच गेलं तर दोष टपालखात्याचा नाही.

तेरणा
तुम्ही दोघंही घरावरच भांडताय. मैत्री कुठल्या गटात होते यापेक्षा तीच तीच माणसं ठरल्या वारी भेटतात का, हे बघा.

जर्मनीत त्याची जागा म्हणजे 'फेराइन'. नोंदणीकृत मंडळ, सुरू करायला किमान सात सभासद. टेबल टेनिस, बुद्धिबळ, समूहगान, काहीही. अफगाण अन् आपल्या उपखंडातल्या पोरांमुळे क्रिकेटचे क्लबही वाढलेत, पण तिथं जर्मन कमी बोलली जाते, हे धरून चला. आधी ईमेल करून एखाद-दुसरा सराव फुकट बघता येतो का ते विचारा. मग फॉर्म भरा, पण सही करण्याआधी सभासदत्व सोडायची मुदत वाचा. बऱ्याच ठिकाणी वर्ष संपतानाच सोडता येतं आणि तेही काही आठवडे आधी लेखी कळवून.

आता बिघडतं कुठं ते सांगते. पोरं वेळेवर जातात, खेळतात, बूट बदलतात आणि पुढची ट्राम पकडतात. खरं बोलणं सुरू होतं ते सराव संपल्यावर. जाळी गुंडाळताना, टेबलं आत ढकलताना, मग कोणीतरी पेयांची पेटी उघडतो तेव्हा. तो अर्धा तास चुकवला तर वर्षभर जाऊनही तुम्ही 'तो भारतीय' एवढेच राहता. दुसरी खोड म्हणजे तीन आठवड्यांत 'इथं कोणी बोलत नाही' म्हणून क्लब बदलायचा. घड्याळ परत शून्यावर. त्यापेक्षा एक काम अंगावर घ्या. हॉलची किल्ली सांभाळा, नाहीतर उन्हाळी जत्रेत भांडी धुवायची पाळी घ्या. काम असलं की लोकांना तुमच्याशी बोलावंच लागतं, भाषा मोडकी असली तरी.

बिंदुसरा
ताई, हे पंचविशीतल्या सड्या पोरांचं झालं. नवऱ्यामागं गेलेल्या बाईचं काय? लेकरू दोन वर्षांचं, संध्याकाळचा क्लब जमत नाही, अन् डिसेंबरात बर्लिनला चारच्या आत सूर्य मावळतो. बीडला फोन करावा तर हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, तिथं रात्रीचे नऊ वाजेपर्यंत माय झोपायच्या तयारीत. तिला पहिल्या महिन्यात मराठी बाईच लागते.

तेरणा
लागते, मान्य. पण तिच्यासाठी फोल्क्सहोखशूलचे, म्हणजे तिथल्या लोकशिक्षण केंद्राचे, सकाळचे भाषावर्ग असतात, आणि रांगत्या लेकरांच्या आयांचे गट. तिथं मोडकं जर्मन चालतं, कारण निम्मं बोलणं दात अन् झोपेबद्दलच असतं.

पूर्णामाय
शेजाऱ्यांना घरी बोलवायचं कोणी बोललंच नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, आपण वाटेनं जाणाऱ्याला शेतात जेवायला ओढतो. तिथं तसं ओढू नका, पण निमित्त झकास आहे. अमावस्येच्या जवळचा शनिवार धरा आणि दोन-तीन आठवडे आधी विचारा. 'या कधीतरी' ला ते निमंत्रण समजत नाहीत. तारीख सांगा, चार ते आठ अशी वेळ सांगा. 'काय आणू?' विचारलं तर 'काही नको' म्हणू नका, ते खरंच काही आणणार नाहीत अन् अवघडतील. सॅलड सांगा.

ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं. आंबिलीला, म्हणजे ज्वारीच्या पिठाच्या ताकातल्या पेयाला, सुपरमार्केटातलं 'बुटरमिल्श' चालतं, पण ते दाट असतं, पाणी घाला. भज्जीत, म्हणजे येळवशीच्या मिसळ भाजीत, ओले दाणे नाहीत म्हणून गोठवलेला वाटाणा अन् पालक. शेंगदाणे घालत असाल तर आधी विचारा, ॲलर्जी असली तर जिवावर बेततं. 'अजून घ्या' एकदाच म्हणा. रविवारी दुकानं बंद, सामान आधी आणा. रात्री दहानंतर आवाज नको.

स्टुटगार्टकडं असाल तर आधी जिन्याची पाळी सांभाळा. दारावर पाटी लटकली की तो आठवडा जिना झाडायचा तुमचा. ती चुकवली तर आंबील प्यायला कोण येतंय?

मांजराकाठ
हे सगळं माझ्याच बाजूचं झालं की ओ. क्लब, शेजारी, जिना, यात मराठी ग्रुप कुठं आला?

बिंदुसरा
रात्री ताप चढला की येतो. ११२ जिवावरच्या प्रसंगाला. बाकी वेळी दवाखाना बंद असला तर ११६११७, आणि तिथं त्रास नीट सांगता आला पाहिजे. ए-वनवाल्यानं 'छातीत जळजळ' अन् 'छातीत दुखतंय' यातला फरक फोनवर कसा सांगायचा?

मांजराकाठ
त्याला तीनशे जणांचा ग्रुप लागत नाही. जवळ राहणारा, जर्मन येणारा एक माणूस लागतो. त्याचा नंबर घ्या अन् ग्रुप म्यूटच ठेवा.

बिंदुसरा
आणि तो एक माणूस सापडणार कुठं, म्यूट केलेल्या ग्रुपातच ना?