सीताफळाची अढी आणि परतीचा पाऊस

चहा-भजीच्या पलीकडे, जीव टांगणीला लागलेल्या दिवसांत घरात काय बरं वाटतं, असं कुणी विचारलं, तर सगळ्यांची उत्तरं वेगळी. आमच्याकडे, बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत, उत्तर सोपं आहे : सीताफळं.

सोयाबीन काढून गंजी लावली, वर ताडपत्री टाकली, की परतीचा पाऊस सोडून दुसरं काही सुचत नाही. हमीभावाला दाण्यात ओल १२ टक्क्यांपर्यंतच चालते, त्यामुळे सगळ्यांचे डोळे आभाळाकडे. त्याच दिवसांत बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं बाजारात येतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. आम्ही मात्र मानांकन न बघता फळाचे डोळे बघून घेतो. खवल्यांमधल्या भेगा पिवळसर-पांढऱ्या झाल्या की फळ उतरवायला आलं. आई ती ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवते. मग दिवसातून चारदा कुणीतरी कोठीत हात घालून चाचपतंच. हलक्या हातानं, कारण जास्त दाबलं की तिथंच काळं पडतं. फळं पिकतातही सगळी एकदम, त्यामुळे जेवणाऐवजी तीच खायची. बिया थुंकत बसलं की मोबाईलवर हवामानाचा अंदाज बघायला हात मोकळा राहत नाही, हा मोठाच फायदा!

संध्याकाळी धपाटे, दही. किंवा कंटाळा असेल तर सुशीला, म्हणजे मुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ; मुरमुरे भिजवले की झालंच.

कोजागरीला मसाला दूध असतं, ते ठीक. पण चंद्र ढगाआड असेल तर आमच्या घरात दुधापेक्षा ताडपत्रीचीच चर्चा जास्त होते. सीताफळाला आभाळ मोकळं लागत नाही.