मदत हवी आहे: सासूबाईंच्या इरकलीचं तोरण आणि आकाशकंदील करायचा आहे, पदर कापू की नको?

वडगावची_सून

नमस्कार. मी बेळगावात वडगावला राहते. दिवाळीला चार आठवडे राहिलेत आणि कात्री आठ दिवस झाले टेबलावर तशीच पडून आहे, म्हणून विचारते.

सासूबाईंची एक इरकल आहे. हिरवं सुती अंग, परासपेट नक्षीचे काठ, लाल रेशमी टोप पदर आणि त्यावर पांढरी नक्षी. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाची, म्हणजे साठीला आलेली साडी. आमच्या घरी तेव्हा दोन हातमाग चालायचे, तरी ही मुद्दाम इलकलहून आणवली होती असं त्या अजून सांगतात. आता अंग निऱ्यांपाशी इतकं विरलंय की बोट लावलं तरी आरपार जातं. काठ मात्र शाबूत आहेत. पदरही चांगला आहे, फक्त घडी मोडते तिथे तीन ठिकाणी रेशीम तडकलंय.

ट्रंक आवरताना ती हातात आली तशी सासूबाई म्हणाल्या, "घालून ठेवून काय उपयोग ग? कापून टाक. दारावर तोरण होऊंदे, मी बघतो तरी." त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय. या दिवाळीला त्यांना ते दिसावं, हातानं चाचपता यावं, एवढीच माझी इच्छा आहे. शेजारच्या अक्कांकडे मी कर्नाटकी कशिदा (कसूती) शिकते. त्यांनी साडी बघितली आणि कन्नडमध्ये एकच वाक्य बोलल्या, "सेरगु कत्तरस ब्याड." पदर कापू नको. तेव्हापासून माझा हात चालत नाही.

मनात असं होतं: पदराची पानं कापून दाराला तोरण, उरलेल्या पदराचा कंदील. दिरांनी कामट्यांचा अष्टकोनी सांगाडा बांधूनही दिलाय, एक फूट उंच, प्रत्येक बाजू साडेचार इंच. तालीम म्हणून जुन्या रेशमी झंपरचा तुकडा सुती अस्तराला पायमशीनवर जोडून बघितला, तर शिवणभर चुण्या. इस्त्रीनंही जात नाहीत. आणि पदराच्या कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल मिनिटभर दाबून धरला, तर रुमाल गुलाबी झाला.

चुण्या कशा घालवू, रंग कसा पक्का करू, आणि पदराचं काय करू? ज्यांनी जुन्या साड्या हाताळल्यात त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निपाणीचा_शिंपी

ताई, चुण्यांचं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

पहिलं, सुई बदला. पायमशीनवर बहुतेक घरी १६ नंबरची सुई असते आणि ती वर्षानुवर्षं तीच असते. रेशमाला ११ नंबर, नवी कोरी. बोथट सुई धागा भेदत नाही, ओढते. दुसरं, वरच्या दोऱ्याचा ताण सैल करा. दोन चकत्यांसमोरचा स्क्रू अर्धा फेरा सोडून बघा. टाका फार बारीक नको, अडीच मिलिमीटरच्या आसपास ठेवा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मशीनचे दात खालचं कापड पुढे ढकलतात, वरचं पायाखाली मागे राहतं. म्हणून जे कापड जरा सैल, जास्त भरतंय, ते नेहमी खाली घ्या. दात ते आपोआप सामावून घेतात. आणि रेशीम फारच सरकत असेल तर खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून त्यासकट शिवा, मग कागद फाडून काढा. शाई उतरायची भीती असेल तर कोरा पातळ कागद घ्या. आधी हातानं कच्ची शिलाई घालाच. ती टाळली की सगळं बिघडतं.

आणखी एक, अस्तराचं सुती कापड आधी पाण्यातून काढून वाळवलं होतं का? नवं सुती पहिल्या धुण्यात आटतं, रेशीम तेवढं आटत नाही. आज चुणी नसली तरी धुतल्यावर येणार.

खानापूर_रान

रंगासाठी मूठभर मीठ घालून गार पाण्यात रात्रभर भिजत घाला. आमच्या आईचा उपाय.

धारवाड_माहेर

खानापूर_रान, राग मानू नका, पण जुन्या साडीला हे करू नका. रंगवताना मीठ लागतं ते रंग सुतात उतरावा म्हणून. एकदा रंगून झालेल्या, सुटणाऱ्या रंगाला मीठ बांधून ठेवत नाही. व्हिनेगरचंही तेच. वडगावची_सून, तुमच्या पदराचा लाल पाण्यात सुटतोय, आणि शेजारी पांढरी नक्षी आहे. रात्रभर भिजवलात तर सकाळी नक्षी गुलाबी मिळेल आणि ती परत पांढरी होणार नाही. पदराला पाणी लावायचंच नाही. सावलीत दोन दिवस पसरा, मऊ ब्रशनं दोन्ही बाजूंनी हलकेच धूळ काढा, बस्स.

आता पदर. तुमच्या अक्का बरोबर सांगतायत, आणि त्यामागे नुसती माया नाही, विणकामाचं कारण आहे. इरकलीचा पदर अंगासोबत सलग विणलेला नसतो. अंगाचं ताणं, म्हणजे उभे धागे, सुती; पदराचं रेशमी. विणकर अंगाच्या ताण्याचे फास करतो आणि पदराच्या ताण्याचे फास त्यात अडकवतो. याला तोपे तेनी म्हणतात. साडी उलटी करून लाल आणि हिरवं जिथे भेटतं तिथे अंगठा फिरवा, बारीक वळ लागेल. तीच ती ओळ. कात्री त्या ओळीवर चालली तर फास मोकळे होतात आणि रेशीम आतून उसवत जातं. कापायचंच असेल तर हिरव्या बाजूला चार बोटं सोडून कापा. सांधा पदराबरोबर राहू द्या.

आणि पानांसाठी पदराचे तुकडे करू नका. तडकलेलं रेशीम दुमडलं, पलटवलं, इस्त्री केली की प्रत्येक दुमडीवर नवीन तडा जाईल. निम्मी पानं पहिल्या वर्षीच जातील.

चिकोडीची_मावशी

मी गेली बारा वर्षं दिवाळीला कापडी कंदील करते, ऑर्डरीही घेते. बाळ, पदराचा कंदील अजिबात करू नकोस. ऊन रेशमाचा सगळ्यात मोठा शत्रू, आणि कंदील पंधरा दिवस उन्हातच टांगलेला असतो. शिवाय आपल्याकडे परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत लांबतो. एक सर आली की तुझा लाल सुटून खालच्या पायरीवर येईल.

नवा खण घे. आमच्या बाजारात गुळेदगुड्डचा मिळतो, बेळगावला तर मिळेलच. पन्हा कमी असतो, तो विचारूनच हिशोब कर. तुझ्या सांगाड्याला एका बाजूसाठी साडेपाच बाय तेरा इंचाचा तुकडा लागेल, चारी बाजूंनी अर्धा इंच शिलाईला धरून. आता एक चूक सगळे करतात ती सांगते. आठही बाजू खणाच्या केल्या की कंदील पेटतो, पण उजेड बाहेर येत नाही, कारण खणाची वीण दाट. म्हणून एकाआड एक घे: चार बाजू खण, चार बाजू पिवळी किंवा पांढरी वॉइल. रात्री बघ कसा दिसतो ते.

खणाच्या दशा फार सुटतात. कापल्या कापल्या कडा दुमडून टीप मार. पेस्टिंग कॅनव्हास (इस्त्रीनं चिकटणारं अस्तर) लावणार असशील तर आधी टीचभर तुकड्यावर इस्त्री फिरवून बघ, कृत्रिम रेशमाचा खण जास्त तापला की आकसतो. जुन्या साडीला मात्र पेस्टिंग नको. तो गोंद पुन्हा निघत नाही.

आत एलईडीच दिवा घाल, ५ वॅट पुरे. जुना पिवळा दिवा तापतो, कापडापासून कितीही लांब ठेवला तरी मला भरवसा वाटत नाही. वायर वरून घे आणि तिचा भार कामटीवर नको, वेगळ्या सुतळीवर घे.

आणि साडीचं काहीतरी दारात हवंच असेल तर काठ घे ना! पदर नाजूक झाला, अंग विरलं, पण काठ शाबूत आहे असं तूच लिहिलंस. आधी पांढऱ्या रुमालानं काठाचाही रंग तपास, तेवढं विसरू नकोस.

वडगावची_सून

मावशी, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठून ट्रंकेपाशी गेले. काठावर ओला रुमाल दाबला, एक मिनिट, मग दुसऱ्या टोकाला पाच मिनिटं. रंग सुटत नाही! निपाणीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे सुई बदलली, ताण सैल केला, रेशीम खाली घेतलं. चुण्या ऐंशी टक्के गेल्या. उरलेल्या कागदामुळे गेल्या.

धारवाड_माहेर, तो वळ सापडला. सासूबाईंना विचारलं तर त्यांनी डोळे मिटून अंगठा बरोबर त्याच ओळीवर ठेवला आणि म्हणाल्या, "हे तुला आत्ता कळूलालंय होय?" चाळीस वर्षं मागाच्या घरात राहिलेल्या बाईला मी विचारायचं सोडून इथे विचारत बसले, याचं मला वाईट वाटलं. तरी बरं, विचारलं.

आता तोरणाचा आराखडा असा. चौकटीसकट दार ४२ इंच. तेरा पानं, प्रत्येक तीन इंच रुंद, मध्ये पाव पाव इंच जागा. ३९ आणि ३ मिळून ४२. वरची पट्टी इरकलीच्या काठाची, दुमडीला दोन इंच जास्त धरून ४४. पानांवर कशिदा करायचाय. पण विरलेल्या हिरव्या अंगावर कशिदा टिकेल का? आणि तोरण आत-बाहेर दोन्हीकडून दिसतं, मागची बाजू कशी झाकू?

धारवाड_माहेर

विरलेल्या कापडावर नको, दोरा ओढला की भोक पडेल. नवं हिरवं हातमागाचं सुती घ्या, ज्याचे धागे मोजता येतात असं. मोजता येत नसतील तर वर मॅटीचा (जाळीदार विणीच्या कापडाचा) तुकडा टाचा, त्यावरून मोजून कशिदा करा आणि शेवटी मॅटीचे धागे एकेक ओढून काढा.

मागची बाजू झाकूच नका! तुम्हाला येतात तेच टाके त्यासाठी आहेत. गवंती (सरळ रेषेचा) आणि मुरगी (पायऱ्यांसारखा) दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. एका फेरीत एक सोडून एक टाका, परतीच्या फेरीत मधल्या जागा भरायच्या. गाठ कुठेच मारायची नाही, दोऱ्याचं टोक टाक्यांखालीच अडकवायचं. नेयगी (विणीसारखा) आणि मेंथी (फुलीचा) मात्र मागून वेगळे दिसतात, ते तोरणाला घेऊ नका. पान एकपदरी ठेवा, फक्त कड दुमडा. एका पानावर तुळशीवृंदावन, एकावर गोपूर असं आलटून पालटून बसवा. तीन इंचात रथ मावणार नाही, हट्ट करू नका.

पदरासाठी धुतलेली मऊ मलमल घ्या, पदरापेक्षा दोन इंच मोठी. तडकलेल्या जागी रेशमाला न टोचता, तड्याच्या दोन्ही बाजूंना आडवे लांब सैल टाके घालून मलमलीवर धरा. मग वरून मलमलीलाच नेफा करून लाकडी दांडीवर देवघराच्या भिंतीवर लावा. खिडकीसमोर नाही. दिवाळी झाली की गुंडाळून ठेवा, घडी घालू नका.

हल्याळ_पलीकडे

मधेच बोलतो. हिरवं अंग टाकून देऊ नका. आमच्याकडे सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायका असल्याच विरलेल्या कापडाची वाकळ शिवतात, तुकडे आधी कापून मांडून ठेवत नाहीत, शिवत शिवत लावतात. कडेपासून सुरुवात करून धावदोरा आत आत नेतात, मध्यावर संपवतात. आणि चार कोपऱ्यांना तिकोनी फुलं लावल्याशिवाय वाकळ पुरी झाली असं मानत नाहीत. विरलेलं कापड मधल्या थराला चालतं, वरून आणि खालून घट्ट कापड घ्या.

वडगावची_सून

सगळ्यांना कळवते. काल वसुबारसेला तोरण लागलं. तेराव्या पानाचा कशिदा पहाटे चारला संपला. कंदील एकाआड एक वॉइलचा केला, वर आणि खाली छत्तीस छत्तीस इंच काठ फिरवलाय. गल्लीतली पोरं किल्ल्याची माती मळता मळता बघायला आली होती.

पदर देवघरात आहे, चार बोटं हिरव्यासकट. सासूबाईंनी तोरणाचं एकेक पान दोन्ही बाजूंनी चाचपलं आणि सातव्या पानाशी थांबल्या. तिथे मुरगीची परतीची फेरी एका घरानं चुकलीय, मला दिसलंही नव्हतं. ते पान आज उसवून परत करतेय.

हल्याळच्या दादा, वाकळही सुरू झाली, आणि ती मी नाही, त्या शिवतायत. धावदोरा बोटाच्या मापानं, न बघता. कोपऱ्यांची फुलं लालच हवीत असं त्यांनी ठरवलंय. पदरातलं लाल मिळणार नाही म्हटल्यावर जरा वेळ गप्प बसल्या, मग स्वतःचा खणाचा लाल झंपर काढून माझ्या मांडीवर ठेवला. चारही फुलांना पुरेल इतकं कापड त्याच्या पाठीतच निघतंय.