'सुगी'ला मराठीत काय म्हणावं?

कारवी:
जपानच्या याकुशिमा बेटावरच्या जंगलाबद्दल मुलांसाठी एक पुस्तक मराठीत आणते आहे. तिथे हजार वर्षांपुढच्या सुगी वृक्षालाच 'याकुसुगी' म्हणायचं, त्याहून लहान तो 'कोसुगी'. इंग्रजी मजकुरात सगळीकडे 'जापनीज सीडर' आहे, म्हणून मी 'जपानी देवदार' लिहिलं. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मावशीने ते सरळ खोडलं. देवदार पाइनच्या कुळातला, सुगी सायप्रसच्या. मग लिहू काय? वाचणारी मुलं दहा-बारा वर्षांची आहेत, तळटिपा वाचणार नाहीत.

पानझड:
मावशींचं बरोबर आहे. देवदाराच्या सुया झुबक्यांनी येतात आणि मोठा शंकू फांदीवर ताठ उभा असतो. सुगीची पानं आखूड, टोकदार, आत वळलेली, डहाळीभोवती फिरत गेलेली; शंकू जेमतेम दोन सेंटिमीटरचा. साल तांबूस, उभ्या पट्ट्यांनी सुटणारी. मुलांच्या पुस्तकात तर चूक नकोच, ती जन्मभर डोक्यात राहते.

तोक्योकर:
गंमत बघा, जपानी लोक आपल्या देवदाराला 'हिमालया-सुगी' म्हणतात! त्यांनाही कुळ आडवं आलं नाही. तरी माझं मत 'सुगी'च ठेवा. इथे तो रोजचा शब्द आहे. युद्धानंतर डोंगरच्या डोंगर सुगीने भरले, आता फेब्रुवारी ते एप्रिल त्यांचे परागकण उडतात आणि अर्धं शहर मास्क लावून शिंकतं. हवामानाच्या बातम्यांत परागांचा अंदाज सांगतात. मला तिसऱ्या वर्षापासून त्रास सुरू झाला. ज्या झाडाने डोळे चोळायला लावले त्याला देवदार म्हणवत नाही.

गडहिंग्लजकर:
'सुगी' आमच्याकडे आधीच आहे हो! सुगी म्हणजे कापणी-मळणीचे दिवस, कानडीत सुग्गी. 'सुगीचे दिवस' तर पुण्या-मुंबईलाही ठाऊक. आमच्या गावातलं पोर 'हजार वर्षांची सुगी' वाचून काय समजेल?

शुद्धमती:
मूळ उच्चारात शेवटचा इकार ऱ्हस्व आहे, पण आपल्या नियमाने 'सुगी' दीर्घच लिहावं लागेल, म्हणजे गोंधळ पक्का. शास्त्रीय नाव 'क्रिप्टोमेरिया', ग्रीकमधून 'लपलेले भाग'. त्यावरून 'निगूढा' असा शब्द घडवता येईल. नवे शब्द घडवायचंच सोडलं तर भाषा उसनवारीवर किती दिवस चालणार?

बंदरकर:
निगूढा कोण म्हणणार, ताई? शब्द वापरातून येतो. मुंबईत देवदार म्हणजे खोक्याचं लाकूड. आमच्या चाळीत प्रत्येक घरी देवदारी खोकं असायचंच. वडिलांनी दोन खोकी उभी करून पुस्तकांचं कपाट केलं होतं. पांढरट फळी, तपकिरी गाठी, खिळ्याभोवती गंजाचा काळा डाग. त्यातलं बहुतेक लाकूड पाइनचंच असणार, पण कुणी अडलं नाही. बंगालीत देबदारू म्हणजे आपला खोटा अशोक! आणि आपला सुरू? फारसीत 'सर्व' म्हणजे सायप्रस, तेच नाव आपण किनाऱ्यावरच्या कॅझुरिनाला दिलं. कुळच बघायचं तर आधी सुरूच्या बनांची नावं बदला.

पानझड:
काका, मग तुमच्याच न्यायाने 'जपानी सुरू' म्हणा. सुगी खऱ्या 'सर्व'च्याच कुळातला आहे.

तोक्योकर:
नको! मुलांच्या डोळ्यांपुढे हर्णैचा किनारा येईल. याकुशिमात डोंगर, धुकं आणि पाऊस आहे.

चहामळा:
नवीन नाव कशाला शोधता? ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात हे झाड दार्जिलिंगला आणलं, तिथे नेपाळीत त्याला 'धुपी' म्हणतात. भारतातलं, लोकांनी दिलेलं नाव आहे. घरांच्या फळ्यांना हेच लाकूड.

बंदरकर:
पण सह्याद्रीत 'धूप' नावाचं वेगळंच झाड आहे, राळेचं. पुन्हा तेच.

कारवी:
माझी अडचण एका प्रसंगात आहे. शिंतो देवळाच्या आवारातल्या जुन्या सुगीला भाताच्या पेंढ्याचा जाड दोर, शिमेनावा, बांधतात. झाडात देवत्व आहे म्हणून. 'देवदार' लिहिलं की तो 'देव' आपोआप येतो. 'सुगी'त तो कुठून आणू?

शुद्धमती:
हे मात्र पटलं. रघुवंशात देवदारूला शंकराने मुलगा मानलंय, पार्वतीने त्याला पाणी घातलंय. हा भाव जपानी झाडालाही शोभतो. पण मग 'जपानी' हे विशेषण प्रत्येक वेळी लावाच.

पानझड:
भाव शोभतो म्हणून झाड बदलत नाही. पहिल्यांदा 'सुगी वृक्ष' लिहा, शेजारी चित्र द्या, मुलं ओळखतील.

गडहिंग्लजकर:
'वृक्ष' लावला तर माझी हरकत नाही. पण बंदरकरकाका, 'देवदारी' म्हणजे देवदाराची की देवदारासारखी? आमच्या बाजारात गुळाच्या ढेपा ज्या खोक्यांत यायच्या त्यांनाही देवदारीच म्हणायचे, आणि ती तर आंब्याच्या फळ्यांची असायची.

बंदरकर:
आंब्याच्या फळीला देवदारी? हे पहिल्यांदाच ऐकतोय. आमच्याकडे आंब्याचं खोकं वेगळं, देवदारी वेगळं. गाठी दिसायच्या का त्या फळ्यांना?